जॉईन म्हणजे जुपणं

१९९४ चा जून. किल्लारीच्या भूकंपाला नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. लातुरात जिकडं तिकडं पत्र्याची शेडं, सिमेंटचे ट्रक आणि सरकारी गाड्यांची धूळ. त्या धांदलीत एका कचेरीत मला कनिष्ठ लिपिकाची जागा मिळाली. शुक्रवारी कागदावर सही केली आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गाव गाठलं. आमचं गाव अंबाजोगाईच्या अलीकडं, बालाघाटाच्या माळावर. मृगाचा एक पाऊस होऊन गेला होता, दुसऱ्याची वाट होती. दादा, म्हणजे माझे वडील, ओसरीत बसून जोती वळत होते, बैलाला जुवाशी अडकवायच्या दोऱ्या. दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दुसरं दोन्ही तळव्यांच्या मधी.

"दादा, जॉईन झालो."

त्यांनी पीळ सोडला नाही. "म्हंजे?"

"म्हंजे हजर झालो नोकरीवर. सोमवारपसून रोज जायचं."

"आस्सं. जुपलं म्हन की मंग तुला."

आतून आईचं हसणं ऐकू आलं. मला मात्र तो शब्द लागला. बारावीच्या वर्षी एका पेरणीत सबंध दिवस तिफणीमागं चाललो होतो. संध्याकाळी टाचा फुटल्या होत्या आणि मनात पक्कं झालं होतं, की हे आपलं काम नव्हे. पुढं बी.ए., टायपिंग, परीक्षा, मुलाखत हे सगळं त्या जुवापासून लांब पळण्यासाठीच तर केलं. आणि इस्त्रीच्या शर्टात घरी येऊन एक इंग्रजी शब्द उच्चारला, तर या माणसानं त्याचं भाषांतर केलं 'जुपलं'! अडाणी माणसाला काय कळणार जॉईन म्हणजे काय, असं मी तेव्हा मनात म्हणालो. लाज वाटते, पण म्हणालो.

ते भाषांतर शब्दकोशाइतकं चोख होतं, हे कळायला मला बारा वर्षं लागली.

त्याआधी कचेरीतली एक गंमत सांगतो. सोमवारी मी 'जॉईनिंग रिपोर्ट' लिहून नेला. आमचे अव्वल कारकून मराठीचे कडवे अभिमानी. त्यांनी लाल शाईनं 'जॉईन' खोडलं आणि वर लिहिलं 'रुजू'. म्हणाले, "मराठी कचेरीत मराठी लिहायचं. परक्याचा शब्द कशाला?" मी मुकाट्यानं अहवाल पुन्हा लिहिला. रुजू हा अरबी शब्द. 'रुजूअ' म्हणजे परतणं, वळणं. तो फारसीच्या वाटेनं आपल्या दफ्तरात आला आणि इतका मुरला, की आता घरचाच वाटतो. साहेबांच्या हुद्द्यातलं अव्वलही अरबी आणि कारकून फारसी. त्यांनी जो परका म्हणून खोडला तो जॉईन मात्र आपल्या रक्ताचा निघाला. हे मला तेव्हा ठाऊक असतं, तरी नव्या माणसाची बोलायची छाती झाली नसती.

२००६ च्या सुमारास मुलीला इंग्रजीच्या निबंधात मदत करायची म्हणून वाचनालयात गेलो आणि इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक जाडजूड कोश हाताशी लागला. निबंध राहिला बाजूला. कुठलं तरी पान उघडावं म्हणून जॉईन काढला. जॉईनच्या मागं फ्रेंच क्रियापद, त्याच्या मागं लॅटिन 'युंगेरे', म्हणजे जोडणं, जुंपणं. आणि त्याच्या शेजारी संस्कृत 'युनक्ति'.

युनक्ति! अकरावीला संस्कृतच्या सरांनी रुधादि गण, म्हणजे धातूंचा एक गट, आमच्याकडून घोकून घेतला होता. युनक्ति, युङ्क्तः, युञ्जन्ति. सूर लावून म्हणायचं. धातू युज्, त्यात 'न' कुठं आहे? नाही. पण क्रियापद चालवायला घेतलं की धातूच्या पोटात 'न' शिरतो. आम्ही पाठ केलं, मार्क मिळवले, विसरलो. इकडं लॅटिनमध्ये बघितलं तर तोच प्रकार. जू या वस्तूला म्हणायचं 'युगुम', त्यात न नाही. जुंपण्याच्या क्रियेला म्हणायचं 'युंगेरे', त्यात न आहे. एकाच घरातून फुटून निघालेल्या दोन भावांनी घरातली एकच खोड बरोबर नेली होती. म्हणजे इंग्रजी जॉईनमध्ये शेवटी वाजतो तो न कोणाचा? तो आमच्या सरांच्या रुधादि गणातला न. वाचनालयात मी मोठ्यानं हसलो आणि समोरच्या पेपरवाल्या आजोबांनी चष्म्यावरून बघितलं.

इंग्रजीकडं स्वतःचं जू होतंच. त्याला ते 'योक' म्हणतात. युगमधल्या 'ग'चा तिकडं 'क' होतो, जसा 'गो'चा 'काऊ' होतो. जर्मन घराण्यातल्या भाषांमधला हा वर्णबदल १८२२ साली याकोब ग्रिमनं नियमात बसवून दाखवला. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला हाच तो थोरला. मग घरचा योक असताना जॉईन कुठून आला? १०६६ साली नॉर्मंडीचे लोक इंग्लंडवर चालून गेले आणि राज्य घेऊन बसले. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच. आपल्याकडं निजामाच्या अमलात उर्दू-फारसीचे शब्द कागदोपत्री उतरले आणि मग लोकांच्या तोंडी बसले, तसंच तिथं झालं. जॉईन इंग्रजीत आला तो १३०० च्या आसपास. म्हणजे इंग्रजीच्या गोठ्यात एकाच गायीची दोन वासरं आहेत. एक घरी वाढलेलं, एक पाहुण्याबरोबर आलेलं, आणि दोघांना एकमेकांची ओळख नाही.

योकवरून आठवलं. अंड्यातल्या पिवळ्या बलकालाही इंग्रजीत योकच म्हणतात, पण स्पेलिंग वेगळं आणि कूळही वेगळं. तो शब्द 'यलो'चा, पिवळेपणाचा. संस्कृतातलं 'हरि' म्हणजे पिवळसर, त्यावरून हरिद्रा, हरिद्रेची हळद. तेव्हा अंड्यातला योक हळदीचा भाऊबंद, बैलाच्या योकाचा नाही. उच्चार सारखा म्हणून सोयरीक जुळवायला गेलं की माणूस असा फसतो.

मीही एकदा फसलोच. झुंज आणि जुंपणं ही एकाच मुळाची असणार अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती. 'त्यांची जुंपली' म्हणजे त्यांचं भांडण लागलं, इतका उघड पुरावा! पण झुंज ही युध् धातूची, युद्धाची. जुंपणं युज् धातूचं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात स्वच्छ सांगून ठेवलंय, की युज् च्या जागी जुंज, जुज्ज आणि जुप्प अशी रूपं येतात. त्या जुप्पमधून आमचं जुपणं. दादा म्हणायचे ते 'जुपलं' हे पुस्तकातल्या जुंपलंपेक्षा हेमचंद्राला जवळचं. जुगार मात्र या घरचा नव्हे. तो द्यूतकारातून आला. हिंदीत 'जुआ' म्हणजे जू आणि 'जुआ' म्हणजे जुगारही. दोन निराळे शब्द झिजत झिजत सारखे झाले. कोरडवाहू शेती करणाऱ्याला हिंदीची ही अडचण मुळीच अडचण वाटणार नाही.

एक गोष्ट मला फार गोड वाटते. लॅटिन युंगेरेचा आरंभ 'य'नं होतो. फ्रेंचकडं येता येता त्या 'य'चा 'ज' झाला आणि जॉईन तयार झाला. इकडं संस्कृतचं युग प्राकृतात येता येता 'य'चा 'ज' झाला आणि जू तयार झालं. दोघांची कधी गाठ नाही, पत्र नाही, आणि दोघांनी तोच बदल केला. आपल्याकडं तर ही झीज शेकड्यानं दिसते. यात्रेची जत्रा, यंत्राचं जातं, यवाचे जव, योक्त्राचं जोतं. दादा त्या दिवशी वळत होते तीच जोती. आणि योगाचा जोग. जोगी, जोगवा, जोगतीण. 'तुझ्याजोगं काम', 'सांगण्याजोगं काही नाही' यातला जोगा म्हणजे योग्य, आणि योग्य म्हणजे मुळात जुंपायला लायक असलेला. आमच्या तालुक्याच्या गावाचं नाव घ्या. योगेश्वरीची जोगाई झाली आणि गाव झालं अंबाजोगाई. मधल्या काळात निजामाच्या कागदांत त्याला मोमिनाबाद म्हणायचे, पण माणसांच्या तोंडची जोगाई काही हटली नाही. नवरात्रात परडी घेऊन जोगवा मागणारी बाई आणि लातूरच्या कचेरीत जॉईन होणारा कारकून हे एका धातूचे नातलग आहेत, हे सांगितलं तर दोघंही माझ्याकडं संशयानं बघतील.

हे कूळ किती जुनं? तुर्कस्तानात हत्तुशा नावाच्या उजाड राजधानीत मातीच्या विटांवर कोरलेली दफ्तरं सापडली. ती भाषा १९१५ साली उलगडली. हित्ती. त्या विटांवर जुवाला शब्द आहे 'युगन'. ग्रीकांचं 'झुगोन', जर्मनांचं 'योख', लिथुआनियातलं 'युंगस', आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 'युनक्त सीरा वि युगा तनुध्वम्', नांगर जुंपा, जुवं पसरा. पुढच्याच चरणात बी पेरायचं सांगितलंय. मृगाच्या तोंडावर आमच्या गावात पहाटे जे ओरडून सांगतात, त्याहून यात निराळं काय आहे?

जू या वस्तूकडं आता एकदा जवळून बघू. आमचं अजून आहे, माळवदाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेलं. बाभळीचं, पुरुषभर लांब, हाताळून हाताळून मधल्या भागाला तुकतुकी आलेली. औताच्या जुवाला आमच्याकडं शिवळाट म्हणतात. दोन्ही टोकांना भोकं, त्यात लाकडी शिवळा. बैलाची मान आत घेतली की बाहेरून शिवळ घालायची आणि जोतं गळ्याखालून नेऊन अडकवायचं. मधोमध येठण, तिनं जू औताच्या दांडीला आवळायचं. लोखंडाचा एक खिळा नाही. जिथं बैलाची मान टेकते तिथं खालच्या अंगानं लाकूड किंचित खोलगट झालंय. ते सुतारानं तसं केलेलं नाही. राजा-हिऱ्या या आमच्या बैलजोडीची आणि त्यांच्या आधीच्या दोन जोड्यांची ती झीज आहे. डाव्या बाजूची झीज जरा जास्त. हिऱ्या डावीकडचा, ओढायला पुढं. राजा कामचुकार होता असं दादा म्हणतात, पण त्याच्यावरच माया जास्त.

बैलाला आपली बाजू ठाऊक असते. उजव्याला डावीकडं उभा केला तर तो अडतो. आणि नवा गोऱ्हा शिकवायचा तर त्याला एखाद्या मुरलेल्या बैलाशेजारी जुपतात. मला पहिल्या दिवशी ज्या टेबलाशी बसवलं, तिथं शेजारी सव्वीस वर्षं नोकरी झालेले एक गृहस्थ होते. आवक-जावक कशी लिहायची, कोणती फाईल तळाला ठेवायची, साहेब आल्यावर कोणत्या गतीनं उठायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला आणि गुण लागला. पहिला पगार चार महिन्यांनी झाला, तेव्हाही ते शांतपणे म्हणाले, "ओढत राहायचं."

आता लग्नाकडं. लॅटिनमध्ये नवराबायकोला एकमेकांचे 'सहजुपलेले' म्हणायचे, त्यावरून इंग्रजीत कॉन्जुगल. ग्रीकांत जोडीला 'झेउगोस'. हा ग्रीक शब्द अरामी भाषेतून अरबीत गेला आणि तिथं झाला 'ज़ौज', म्हणजे जोडी, जोडीदार, नवरा. बायको ती ज़ौजा. अरबीतून फारसी, फारसीतून उर्दू आणि निजामाच्या राज्यात उर्दू दफ्तराची भाषा. माझ्या आज्जीच्या नावाचा एक जुना कागद पत्र्याच्या पेटीत आहे. मोडीही नाही आणि धड मराठीही नाही असं त्याचं उर्दूमिश्रित देवनागरी. त्यात तिच्या नावापुढं 'जौजे' आणि मग आजोबांचं नाव. लहानपणी मला ती शिवी वाटायची. आज्जीला विचारलं तर म्हणाली, "म्हंजे ह्यांची बायकू. सरकारला तेवडंच कळतं." ग्रीसच्या डोंगरातल्या बैलजोडीचा शब्द अरबस्तानातून फिरून बालाघाटावरच्या एका बाईच्या सातबाऱ्याला चिकटला होता, आणि तिनं तो अंगावरच्या पदरासारखा सहज घेतला होता.

शास्त्राच्या पुस्तकातला झायगोट याच ग्रीक शाखेतला. मराठी पुस्तक काढणाऱ्यांनी त्याला प्रतिशब्द दिला युग्मनज. युग्म हे युज् चंच. परिभाषा घडवणाऱ्यानं हे जाणून केलं असेल तर त्याला दंडवत.

रोमन लोक शेतीवाले, त्यांनी जमिनीचं मापही जुवानंच ठरवलं. 'युगेरुम' म्हणजे एका बैलजोडीनं एका दिवसात नांगरावं एवढं रान, आपल्या हिशोबानं पंचवीसेक गुंठे. आमच्याकडंही सोयरीक जमवताना 'किती एकर' विचारायच्या आधी 'किती औतं चालतात' विचारायचे. पण याच रोमनांनी जुवाचा दुसरा उपयोगही दाखवला. हरलेल्या सैन्याला ते भाल्यांच्या चौकटीखालून वाकून जायला लावत, जणू जुवाखालून. इसवी सनापूर्वी ३२१ साली कॉडियमच्या खिंडीत साम्नाइट लोकांनी खुद्द रोमन फौजेला तसं वाकवलं. जुवाखाली घालणं, त्यावरून इंग्रजीत सब्जुगेट. आणि आपल्याकडं दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, ध्वजापुढचा प्रत्येक वक्ता एकदा तरी म्हणतोच, 'निजामी राजवटीचं जोखड झुगारून दिलं.' १९४८ साली दादा पाच वर्षांचे. त्यांना त्यातलं एवढंच आठवतं, की रझाकारांच्या धाकानं घरातली माणसं महिनाभर रानात झोपायची आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या होत्या.

शब्दांची गंमत अशी, की हेच जू एका अंगानं वाकवतं आणि दुसऱ्या अंगानं माणसाला ईश्वराशी जोडतं. योगाबद्दल मात्र एक बारीक गोष्ट सांगायला हवी. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, युज् तीन आहेत, त्यातले आपल्या कामाचे दोन. एक 'युजिर् योगे', जोडण्याचा. दुसरा 'युज समाधौ', चित्त स्थिर करण्याचा. पतंजलीच्या सूत्रांवरच्या भाष्यात व्यासांनी 'योगः समाधिः' म्हटलंय, म्हणजे त्यांचा कल दुसऱ्याकडं. तेव्हा जीव-शिवाची बैलजोडी हे चित्र कीर्तनात कितीही रंगलं, तरी भाष्यकाराला ते सरसकट मान्य नाही. सकाळी नाना-नानी पार्कात सतरंजी पसरणाऱ्या मंडळींना हे सांगून मी एकदा तोंडघशी पडलोय. 'योगा'तला शेवटचा 'आ' काढा, असंही सांगायचं होतं, ते राहून गेलं.

योजन हे माप घ्या. बैल किंवा घोडे एकदा जुंपले, की सोडेपर्यंत जेवढी वाट चालतील तेवढं एक योजन. चार कोस म्हणतात. म्हणजे अंतर मोजायचं ते जनावराच्या दमानं. त्याच घरातली योजना. १९७२ च्या दुष्काळात आमच्या माळावर खडी फोडायला अख्खं गाव गेलं होतं, आई पोटात मला... नाही, मी तेव्हा वर्षाचा होतो, झोळीत. त्या कामांतून पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आई अजून 'योजना' म्हणत नाही, 'हमीवर गेलो होतो' म्हणते. आयोग, नियोजन, उद्योग, नियुक्ती सगळे याच गोठ्यातले. माझ्या नियुक्तीच्या आदेशावर नियुक्ती हा शब्द ठळक छापलेला होता. दादांना तो वाचता आला नाही, आणि त्यांनी त्याचा अर्थ सांगितला होता.

जंक्शनही यातलंच. परभणी जंक्शन, पूर्णा जंक्शन. रूळ जिथं रुळाला जुपला जातो ती जागा. आणि एसटीत 'जरा ॲडजस्ट करा ना' म्हणून तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, तो ॲडजस्टसुद्धा. त्याच्या मागं लॅटिन 'युक्स्ता' आहे, अगदी लगत, जसा जुवातला एक बैल दुसऱ्याच्या लगत. अंबाजोगाई-लातूर गाडीत सोमवारी सकाळी उभं राहिलं की या व्युत्पत्तीसाठी कोश लागत नाही.

आमचे राजा-हिऱ्या २०११ साली गेले. हिऱ्या म्हातारपणानं, राजा विकून. तेव्हापासून भाड्याचा ट्रॅक्टर. मध्यंतरी पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं जू बघितलं आणि म्हणाला, "हे द्या मला, दिवे लटकवून हॉलमध्ये लावतो, फार्महाऊस लूक येतो." दादांनी त्याला चहा पाजला, शेंगा दिल्या, जू दिलं नाही.

२०२३ ला अधिक श्रावण आल्यामुळं पोळा लांबला, १४ सप्टेंबरला आला. मी पोळा आणि पुढचा १७ तारखेचा झेंडा असा हिशोब करून रजा टाकली होती. ऑगस्ट सगळा कोरडा गेलेला, सोयाबीन पिवळं पडलेलं, तरी आदल्या दिवशी खांदेमळणी होतीच. आमच्या दावणीला कुणी नाही. शेजारच्या घरी अजून एक जोडी आहे. दादा ऐंशीच्या घरातले, काठी घेऊन निघाले. माझ्या हातात वाटी दिली, तूप आणि हळद कालवलेली.

बैल धुऊन आणलेले होते. दादांनी काठी भिंतीला लावली आणि एकाच्या वशिंडापुढं हात ठेवला. नुसता ठेवला, थोडा वेळ. मग बोटांनी चाचपत गेले. जिथं जू टेकतं तिथली कातडी जाड, केस उडालेले, टाचेसारखी. "हितं सुजलंवतं ह्या साली," ते म्हणाले. मालक म्हणाला, "व्हय दादा, आखाडात." कसं कळलं ते त्यानं विचारलं नाही. दादांनी वाटीत बोटं बुडवली आणि चोळायला लागले. गोल नाही, मानेकडून पाठीकडं, एका दिशेनं. बैलानं डोळे अर्धे मिटले. चोळून झाल्यावर त्याच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." दुसऱ्या बैलालाही तेच, तितक्याच अदबीनं. आमच्या घरी पाहुण्यालाही ते इतक्या अदबीनं बोलत नाहीत.

परतताना मी त्यांना सगळं सांगितलं. जॉईन आणि जू कसे भाऊ, रोम, तुर्कस्तान, आज्जीचा जौजे. अंधार पडला होता, वाट खडबडीत, मी एका हातात रिकामी वाटी आणि दुसऱ्या हातात त्यांचं कोपर धरून बोलत होतो. ते ऐकत होते का माहीत नाही. वेशीजवळ थांबले.

"मी तवाच म्हनलो नव्हतो का तुला?"

"म्हनला होता."

"आन तू रुसला होता. दोन दिस जेवला नाहीस नीट."

मला वाटलं होतं कुणाच्या लक्षात आलं नसेल.

"कवा सुटतंय तुझं औत?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्षं हायत अजून, दादा."

त्यांनी मनाशी काही तरी मोजलं. ऐंशी अधिक सहा असणार. मग हात पुसायला फडकं सापडेना, तेव्हा माझ्याच खांद्याला पुसला आणि काठी टेकत पुढं निघाले. पांढरा शर्ट होता. हळदीचा डाग पडला, बायकोनं तीनदा धुतला, गेला नाही. कचेरीत तो मी अजून घालतो, वरून स्वेटर असला तर.